आगासकर आणि आमटीची राख

आगासकर जेवायला बसण्याआधी आमटीची राख करीत.

हे मी अलंकारिक बोलत नाही. दुपारी माहीमहून त्यांचा डबा आला की ते आमटीचं झाकण उघडत, ती नीट ढवळून घेत, आणि वरची नाही, तळाची नाही, मधली चमचाभर काढून चिनी मातीच्या एका चिमुकल्या मुशीत ओतत. ती मूस भट्टीत जाई. आमटी आटायची, करपायची, काळी पडायची आणि शेवटी पांढरी राख उरायची. ती राख पाण्यात कालवून, गाळून, त्यात काचेच्या लांब नळीतून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडायचे. पाण्याचा रंग विटकरी झाला की तोटी बंद. मग आगासकर डोळे मिटून मनातल्या मनात गुणाकार-भागाकार करीत आणि जाहीर करीत, "आज मीठ कालच्यापेक्षा कणभर कमी."

एवढं झाल्यावर ते जेवत. तोवर भाताचा दगड झालेला असे.

मी तेव्हा नुकताच बी.एस्सी. होऊन परळच्या त्या खाजगी प्रयोगशाळेत लागलो होतो. खाली शिंप्याचं दुकान, वर आम्ही. गिरण्यांची खळ, घाण्याचं तेल, तूप, साबण, हळद, कोळसा, जो जे आणील त्यात काय आहे आणि किती आहे ते शोधून सांगायचं, हा आमचा धंदा. याला ॲनॅलिटिकल केमिस्ट म्हणतात हे मी घरी बरेचदा समजावलं होतं. तरी माझी आत्या शेवटपर्यंत माझ्याकडे खोकल्याचं औषध मागत असे, आणि मी ते देत नाही म्हणून रागावत असे.

धंद्याचा पहिला धडा मला आगासकरांनी दिला. कुणा व्यापाऱ्याच्या तुपाची तपासणी करून मी अहवालात 'तूप वाईट आहे' असं लिहिलं होतं. आगासकरांनी कागद परत माझ्यासमोर ठेवला.

"लेले, वाईट म्हणजे?"

"अहो, निम्मं वनस्पती आहे त्यात!"

"मग तेवढंच लिहा. वाईट की बरं ते खाणारा ठरवील. आपण न्यायाधीश नाही, साक्षीदार. पाहिलं तेवढंच बोलायचं."

आगासकर पाठारे प्रभू. इंग्रज मुंबईत येण्याच्या कितीतरी आधी आपले पूर्वज माहीमला आले, हे ते इतक्या सहज सांगत की जणू स्वतः बंदरावर उतरवून घ्यायला गेले होते. उंच, सडपातळ, कडक इस्त्रीचा कोट आणि त्या कोटाच्या दोन्ही बाह्यांना ॲसिडची भोकं. "कोट धड असलेला केमिस्ट मी अजून पाहिला नाही. पाहिला तर नोकरीवर ठेवू नका," असं ते म्हणत.

त्यांची दोन ब्रह्मवाक्यं होती. पहिलं, "नमुना कसा घेतलात?" आमचे सहकारी कर्णिक एकदा मुलगी पाहून आले आणि मुलगी फार शांत आहे म्हणून खुशीत सांगू लागले. आगासकरांनी ब्युरेटच्या काचनळीवरची नजर न हलवता विचारलं, "नमुना कसा घेतलात?"

"म्हणजे?"

"कुठं पाहिलीत? दिवाणखान्यात ना? कांदेपोह्यांची बशी हातात, वडील शेजारी? तिथं वाघीणसुद्धा शांत बसेल. हा नमुना प्रातिनिधिक नाही. बाजारात भाव करताना बघा."

कर्णिक खरोखरच गेले. दादरच्या भाजीबाजारात एका खांबाआडून त्यांनी त्या मुलीला वांगी घेताना पाहिलं आणि घाम पुसत परत आले. म्हणाले, "लग्न ठरवून टाकलं. अशी बाई आपल्या बाजूला असलेली बरी."

दुसरं वाक्य, "कोरी चाचणी केलीत का?" म्हणजे एखाद्या मालात खोट काढण्याआधी आपलं पाणी, आपली बाटली, आपलं उपकरण यांतच खोट नाही ना, हे पाहायचं. मला एकदा ताप आला तेव्हा आगासकर दादरला आमच्या घरी समाचाराला आले. माझ्या आईने थर्मामीटर पुढे केला. आगासकरांनी तो आधी स्वतःच्या तोंडात धरला, मग धुऊन माझ्या आईला लावायला लावला आणि मग मला. तिघांनाही सणसणीत ताप निघाला. "थर्मामीटर बाद," असं म्हणून ते चहा पिऊन निघून गेले. मी फणफणत होतो ती गोष्ट त्यांच्या दृष्टीने अजून सिद्ध व्हायची होती.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरणगावातली एकही भिंत कोरी राहिली नव्हती. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर पोरं 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' रंगवत होती, तेव्हा आगासकर खाली उतरले. पोरांना वाटलं, साहेब ओरडणार. साहेबांनी बोटाने रंग चोळून पाहिला आणि म्हणाले, "गेरू पाण्यात कालवलात? एका पावसात जाईल. जवसाचं तेल घाला." मग वर जाऊन बाटलीभर तेल स्वतः आणून दिलं. पुढे राज्य झालं, मालकांनी भिंतीला दोनदा चुना लावला, तरी 'झालाच पाहिजे' आतून डोकावतच राहिलं.

मुंबई वेगळी काढावी की नाही यावर प्रयोगशाळेत रोज रणधुमाळी चाले. आगासकर ऐकत राहत. एकदाच बोलले. "वाळूतून मीठ वेगळं काढता येतं, कारण ते मिश्रण. पण मिठातून सोडियम वेगळा काढलात तर हातात मीठही राहत नाही आणि जो सोडियम येतो तो पाण्यात टाकला की पेट घेतो. दिल्लीत कुणी केमिस्ट नाही वाटतं." यावर कर्णिकांनी त्यांना मिठी मारली आणि आणखी एका कोटाला ॲसिड लागलं.

असा हा माणूस. आमटीची राख हा त्याच्या धंद्याच्या वेडाचा कळस आहे, असं आम्ही सगळे समजत होतो.

मग एके दिवशी किपचा नळ सैल राहिला. किप म्हणजे काचेचं एक उपकरण, त्यातून सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू निघतो. आमच्या कामाला तो रोज लागतो, आणि तो जरा जास्त झाला तर माणूस मरतो. पाहता पाहता मजला वासाने भरला. आम्ही रुमाल नाकाला लावून धडाधड जिना उतरलो. खालचा शिंपीसुद्धा गळ्यात टेप, हातात कुणाचीतरी अर्धी विजार घेऊन रस्त्यावर आला. मोजदाद केली तर आगासकर नाहीत. मी श्वास कोंडून परत वर धावलो. आगासकर शांतपणे तराजूसमोर बसले होते.

"लेले, दार लावा. वाऱ्याने काटा हलतो," ते म्हणाले.

मी त्यांना दंडाला धरून ओढत खाली आणलं. जिन्याच्या तोंडाशी त्यांनी रस्त्यावरच्या सगळ्यांच्या नाकावरचे रुमाल पाहिले आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "फार वास येतोय का?"

"अहो, अख्ख्या परळला येतोय!"

ते पायरीवर बसले. मग मला जे सांगितलं ते आजवर त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. महायुद्धाच्या दिवसांत काम अहोरात्र चाले, खिडक्यांना काळे कागद लावून त्या बंद, आणि आत हा वायू. आधी त्यांचं नाक बोथट झालं, मग गेलं ते गेलंच. त्याच्यामागून चवही गेली. "खारट आहे एवढं कळतं, लेले. किती, ते नाही कळत."

"आणि वहिनींना?"

"नाही सांगितलं." ते बराच वेळ ॲसिडची भोकं चाचपत राहिले. "ती वाढते ना, तेव्हा आधी माझ्या तोंडाकडे बघते. मी पहिला घास घेईपर्यंत स्वतः जेवत नाही. तिथं मी काय दाखवू, सांगा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साधा नवरा असता तर रोज 'वा, छान' म्हणून मोकळा झाला असता. पण पाहिलं तेवढंच बोलायचं हे व्रत घेतलेला हा माणूस. बायकोच्या आमटीबद्दल खरं असं काहीतरी त्याला हवं होतं, म्हणून तो रोज ती जाळून तिच्यातलं मीठ मोजत होता. संध्याकाळी घरी जाऊन सांगत होता, आज मीठ अगदी बेताचं, काल किंचित चढं. सुमनवहिनी चकित होत, कारण ते नेहमीच बरोबर असे. "आमच्यांच्या जिभेला तोड नाही हो," असं त्या माहीमभर सांगत. मला त्या जिन्यात आगासकरांना नमस्कार करावासा वाटला. पण वास फार होता.

आता खरी अडचण आली ती पुढच्या उन्हाळ्यात. पाठारे प्रभूंच्या घरात वर्षाचा सांबार मसाला होतो. हे सांबार इडलीबरोबरचं नव्हे. मिरच्या, धणे, गहू, हरभऱ्याची डाळ, हिंग आणि आणखी बरंच काही भाजून, कांडून केलेली ती एक तिखट, लाल, खमंग पूड. ती बिघडली तर वर्षभराचं जेवण बिघडलं. वहिनींच्या माहेरच्या सगळ्या घरांचा मसाला त्यांची आई करी. त्या हिवाळ्यात आई गेली. आता तो भार वहिनींवर आला. त्यांनी बरणीभर वानगी भाजून, कांडून नवऱ्यापुढे ठेवली.

"अहो, माझा धीर होत नाही. आई नुसत्या वासावरून सांगायची. आता तुम्ही म्हणाल तसाच करायचा."

आगासकर ती बरणी कोटाच्या खिशात घालून प्रयोगशाळेत आले. मसाल्यात मीठ नसतं, त्यामुळे राखेचा उपयोग नाही. चाखायला त्यांनी मनात कर्णिकांना नेमलं होतं, कारण कर्णिक कायस्थ आणि मासळीच्या कालवणातले जाणकार. पण कर्णिक आदल्याच दिवशी सत्याग्रह करून तुरुंगात गेले होते. दुसऱ्या दिवशी हरताळ. ट्राम बंद, दुकानं बंद, प्रयोगशाळा बंद. आणि कांडणाऱ्या बायका तर त्याच्या दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या.

हरताळाच्या सकाळी आगासकर बरणी घेऊन चालत दादरला आमच्या दारात उभे राहिले.

"लेले, तुमची जीभ पाहिजे."

मी कोकणस्थ. आमच्या घरी आमटीत गूळ पडतो आणि मिरची पाहुण्यासारखी येऊन जाते. मी हे सांगायचा प्रयत्न केला. पण आगासकरांनी माझ्या आईचे ठेवणीतले कप मांडून जिभेचं प्रमाणीकरण सुरू केलं होतं. कपांत साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, नुसतं पाणी. त्यांच्या जागा बदलून, माझे डोळे बांधून त्यांनी मला चाखायला लावलं. माझी सगळी उत्तरं बरोबर आली. "उपकरण उत्तम आहे," ते आनंदाने म्हणाले. आई दारातून बघत होती. ती म्हणाली, "एकुलता एक आहे हो, जपून."

मग त्यांनी मसाल्याची चिमूट माझ्या जिभेवर ठेवली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मी मोरीपर्यंत धावलो एवढं नक्की. बोलता येऊ लागल्यावर मी प्रामाणिकपणे साक्ष दिली, "जाळ आहे नुसता. आणि डाळ करपल्यासारखी वाटते."

आयुष्यभर 'कोरी चाचणी केलीत का' म्हणून आमचा जीव खाणाऱ्या त्या माणसाला त्या दिवशी एवढं सुचलं नाही, की घरातला गेल्या वर्षीचा, सासूबाईंच्या हातचा मसाला आधी माझ्या जिभेवर ठेवून पाहावा. तोही मला जाळच लागला असता. पण बायकोचा जीव टांगणीला लागला होता आणि आगासकर घाबरलेले होते. ते घरी गेले आणि म्हणाले, "मिरची निम्मी कर. डाळ कमी भाज." आणि त्यांच्या जिभेला तोड नसल्यामुळे वहिनींनी तसंच केलं. सबंध घाणा.

नव्या मसाल्याचं पहिलं जेवण नातलगांना घालायचं, असा त्यांचा रिवाज. मलाही आमंत्रण होतं. मंडळींना बोंबलाचं खडखडलं आणि माझ्यासाठी त्याच मसाल्यातला बटाट्याचा रस्सा. पानं वाढली गेली. वहिनी सवयीप्रमाणे नवऱ्याच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. आगासकरांनी घास घेतला आणि मान डोलावली. बाकी पंगत मात्र घास नुसताच घोळवत राहिली. शेवटी वहिनींची म्हातारी मावशी म्हणाली, "सुमे, घरात कुणी आजारी आहे का गं?"

वहिनींचा चेहरा पाहवेना. त्यांना वर काढावं म्हणून मी मोठ्याने म्हणालो, "छे हो, झकास झालंय! परवाचा नमुना केवढा जाळ होता! त्यापेक्षा हे शंभर पटीने—"

"परवाचा नमुना?" वहिनी माझ्याकडे वळल्या. "तो तुम्ही कुठं चाखलात, भावजी?"

मी आगासकरांकडे पाहिलं. हे करायला नको होतं. वहिनींनीही मग तिकडेच पाहिलं. आगासकर हातातला घास तसाच ठेवून उठले आणि आत स्वयंपाकघरात गेले. त्यांच्यामागून वहिनी. मी पाण्याचं निमित्त करून दाराशी पोचलो होतो, त्यामुळे पुढचं मला ऐकू आलं.

आगासकरांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. अहवाल द्यावा तसं.

 मग वहिनी म्हणाल्या, "दिवाळीत कोबीचं भानोलं भाजलं होतं, तेव्हा काय म्हणालात मला?"

"मीठ अगदी बरोबर आहे म्हणालो. ते होतंच बरोबर."

"कशावरून?"

"जाळून बघितलं."

"माझं भानोलं जाळलंत?"

"चमचाभरच."

"आणि डब्यातली आमटी?"

"रोज," आगासकर म्हणाले. "तुला काहीतरी खरं सांगता यावं म्हणून."

मला वाटलं, आता भांडं आपटणार. पण वहिनी रडत होत्या आणि रडता रडताच हसत होत्या. "एवढी वर्षं गार भात खाल्लात," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मग पदराने तोंड पुसून बाहेर आल्या आणि पंगतीला म्हणाल्या, "माझंच चुकलं, मावशी. उन्हाळा म्हणून मीच मिरची कमी घातली. परत करते." मावशी म्हणाली, "मग नाक कुठं गेलं होतं तुझं? आईचं नाक तुझ्याकडेच तर आलंय." ते मात्र वहिनींना पटलं. त्या घाण्यात त्यांनी नुसत्या स्वतःच्या नाकाच्या भरवशावर भाजलेली मिरची-डाळ मिसळली. त्या वर्षीचा मसाला आईच्या मसाल्याच्या तोडीस तोड झाला, असं सगळी घरं सांगत होती. फिका घाणा थोडा बाजूला काढून ठेवला होता, तो आमच्या घरी आला. माझी आई अजून त्याची आठवण काढते.

त्या दिवसापासून आगासकरांची मूस थंड झाली. डबा आला की ते सरळ जेवायला बसू लागले. सकाळी डबा भरताना वहिनी त्यांना सगळं सांगत, आणि ते दुपारी पहिला घास घेऊन, डोळे मिटून, मला सांगत. "आज लसणीची फोडणी आहे, लेले. वास पार ओटीवर गेला होता. शेजारची मांजर दोनदा येऊन गेली." ज्याने जन्मात कुणाचं ऐकीव काही मानलं नाही तो माणूस हे सांगताना असा खुलायचा, की माझा मेतकूट-भात मला गोड लागेनासा होई. कर्णिक तुरुंगातून सुटून आल्यावर त्यांना हा बदल कळेना. मी विषय बदलला.

नंतर एकदा संध्याकाळी दादर स्टेशनबाहेर फूलवालीपाशी मला वहिनी दिसल्या. हाक मारणार, तेवढ्यात फूलवाली त्यांना म्हणाली, "बाई, जुई घ्या की, आत्ता आलीय. पहिलं तर तुमी रोज जुईच न्यायच्या. ह्या अबोलीला ना वास ना काय."

"नसू दे," वहिनी म्हणाल्या. "मी गजरा माळते तो त्यांच्यासाठी. जे त्यांना मिळत नाही, ते मला एकटीला कशाला?"

त्यांनी अबोलीचा गजरा घेतला, तिथंच अंबाड्यावर माळला आणि माहीमच्या बसच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मला त्यांना हाक मारायची होती, ती राहूनच गेली.